सोयरा : एक विस्मृत नाव

मराठीत ज्या शब्दाने विवाहसंबंधातून जोडले गेलेले आप्त निर्दिष्ट होतात, ज्यापासून सोयरीक, सगेसोयरे हे नित्याचे शब्द सिद्ध झाले, तोच शब्द एकेकाळी मुलींचे नाव म्हणूनही आदराने योजला जात असे, हे आज सांगावे लागते. ‘सोयरा’ म्हणजे आपलीशी झालेली, जिव्हाळ्याची. पुढे ‘बाई’ लागले की त्या नावाला भारदस्तपणा येई.

चौदाव्या शतकात मंगळवेढ्याच्या संत चोखामेळ्यांची पत्नी सोयराबाई हिने ते अमर केले. अभंगाच्या अखेरीस ती बहुधा ‘चोख्याची महारी’ अशी स्वतःची मुद्रा घालते, आणि विटाळ प्रत्येक देहाच्या उत्पत्तीतच असताना पवित्र कोण, असा रोकडा सवाल विठ्ठलालाच करते. इतकी निर्भय वाणी मला तत्कालीन वाङ्मयात क्वचितच आढळते.

पुढे हेच नाव राजवाड्यात दिसते. हंबीरराव मोहित्यांची भगिनी सोयराबाई 1674 साली रायगडावर शिवछत्रपतींच्या शेजारी पट्टराणी म्हणून अभिषिक्त झाली. मात्र पुत्र राजारामाच्या वारसाहक्कासाठी झालेल्या कारस्थानांचा ठपका तिच्यावर आला आणि 1681 मध्ये तिचा करुण अंत झाला. बखरींनी आणि नाटकांनी तिची जी प्रतिमा रुजविली, तिचे सावट या नावावर पडले असावे, असे मला वाटते. आज शाळेच्या हजेरीपटावर ते अभावानेच दिसते. कन्येसाठी नाव शोधणाऱ्या आईबापांनी मंगळवेढ्याच्या सोयरेचे अभंग एकवार अवश्य वाचावेत.