स्वकीयांची ओळख आणि विषाणूंचा बंदोबस्त

वऱ्हाडातील बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव कालिकादेवीच्या प्राचीन देवळामुळे अभ्यासकांना परिचित असले, तरी बाहेरगावच्या माणसाकडून त्याची सोलापूर जिल्ह्यातील बार्शीशी गल्लत होण्याचा संभव असतो. आणि साथीच्या रोगांविषयी लिहिताना तर ही दोन नावे निराळी ठेवणे अगत्याचेच आहे, कारण 1973 साली चिकुनगुनियाची जी साथ महाराष्ट्रात गाजली ती त्या बार्शीची. त्यानंतर हा विषाणू या देशातून जवळजवळ अदृश्य झाला, आणि 2005 सालच्या अखेरीस पुन्हा प्रकटला तो अशा वेगाने की, 2006 या एकाच वर्षात देशभरात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. विदर्भही त्या साथीतून सुटला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपास केला, तेव्हा पूर्वीचा विषाणू आशियाई वंशाचा आणि हा नवा आफ्रिकी वंशाचा असल्याचे निष्पन्न झाले.

ज्यांचा जन्मच 1973 नंतरचा, त्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असण्याचे काही कारण नव्हते. पावसाळा सरता सरता ताप गावात शिरतो, आणि ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत बोटांची पेरे, मनगटे व घोटे इतके सुजतात की, पहाटे उठून शेताची वाट धरणाऱ्या रोजंदार बाईला बोंडातून कापूस उपसणे तर राहोच, पाण्याचा तांब्यासुद्धा मुठीत धरवत नाही. या नव्या शत्रूविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे सिद्ध करण्यास आणि त्यालाच हेरून मारणाऱ्या टी पेशींची फौज उभी करण्यास शरीराला जवळजवळ आठवडा लागतो. विषाणू मात्र एका पेशीतून हजारोंच्या संख्येने बाहेर पडण्यास एक दिवसही पुरेसा मानतो. मग या मधल्या दिवसांत शरीराची सूत्रे कोणाच्या हाती असतात?

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग 1957 साली मिळाला. बाधित पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी जे द्रव्य सोडतात, त्या इंटरफेरॉनचा शोध आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी त्या वर्षी लावला. दुसरा भाग 1975 च्या सुमारास हाती आला. स्टॉकहोममध्ये किसलिंग, क्लाइन व विगझेल यांना आणि अमेरिकेत हर्बरमन यांना असे आढळले की, ज्यांना पूर्वी कसलीही लस टोचलेली नाही अशा उंदरांच्या शरीरातही कर्करोगाच्या पेशी जागच्या जागी मारणाऱ्या काही लसिका पेशी असतात. पूर्वशिक्षणावाचून मारतात म्हणून त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणण्यात आले. माणसाच्या रक्तातील लसिका पेशींपैकी शेकडा 5 ते 15 या जातीच्या असतात. आणि इंटरफेरॉनचा इशारा पोचताच त्या अधिक चलाख होतात.

परंतु ज्या विषाणूचे तोंडही पाहिलेले नाही, त्याने ग्रासलेली पेशी त्या ओळखतात तरी कशा? याचे उत्तर स्वीडनच्या क्लास कॅरे यांनी 1980 च्या दशकात दिले, आणि ते अपेक्षेच्या अगदी उलट निघाले. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या अंतरंगात तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर सतत मांडत असते. टी पेशी त्या तुकड्यांचा मजकूर वाचते आणि त्यात परकीय अक्षर दिसले की प्रहार करते. विषाणूंनी यावर तोड काढली, ती अशी की, हे रेणू पृष्ठभागावर येऊच द्यायचे नाहीत. पण जुन्या जकात नाक्यावर पावतीतील रकमा तपासणारा कारकून एक आणि पावती मुळात आहे की नाही एवढेच पाहणारा नाकेदार दुसरा असावा, तशी ही योजना आहे: मजकूर लपवण्यासाठी ज्याने पावतीच फाडली, तो कारकुनाच्या हातून सुटतो आणि नाकेदाराच्या हाती सापडतो. मारक पेशीला शत्रूची ओळख असण्याची गरज नसते. तिला स्वकीयांची ओळख असली म्हणजे पुरते.

अर्थात केवळ उणीव दिसली की मारावे, इतका हा कारभार सरळ नाही; तसे असते तर एचएलए रेणू नसलेल्या आपल्या तांबड्या रक्तपेशींचा केव्हाच संहार झाला असता. मारक पेशीच्या अंगावर दोन प्रकारचे ग्राहक रेणू असतात. काही ग्राहक एचएलए दिसताच तिला आवर घालतात. दुसरे, विषाणूने वा अन्य आघाताने पीडित झालेली पेशी जी संकटचिन्हे पृष्ठभागावर आणते, ती दिसताच तिला प्रवृत्त करतात. या दोन्ही बाजूंच्या वजनाचा हिशेब होऊन निर्णय ठरतो. तो मारण्याचा ठरला की, मारक पेशी त्या पेशीला घट्ट बिलगते, मारक पेशीच्या पोटातील विषारी कणिका सरकत सरकत संपर्काच्या बाजूला गोळा होतात आणि त्या दोघींमधील चिंचोळ्या फटीत रित्या होतात. त्यांतील परफोरिन समोरच्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते, ग्रॅन्झाइम आत शिरते आणि तिला स्वतःचाच शिस्तशीर विनाश करण्यास भाग पाडते. मग मारक पेशी तिला सोडून पुढच्या पेशीकडे वळते. शिवाय इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य सोडून ती इतर संरक्षक पेशींनाही कामाला लावते.

विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. सायटोमेगॅलो विषाणू खरे एचएलए हटवून त्यासारखाच दिसणारा बनावट रेणू पुढे करतो. एड्सचा विषाणू एचएलएच्या ज्या दोन जाती टी पेशींना अधिक उपयोगी, त्या मुख्यतः खाली ओढतो आणि मारक पेशींना आवरणारी जात बहुधा शिल्लक ठेवतो. इतक्या खटाटोपाने ज्यांना चुकवावे लागते, त्या पेशींचा धाक केवढा असला पाहिजे, याचे प्रमाण 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णवृत्तात मिळाले: नैसर्गिक मारक पेशींचा अभाव असलेल्या एका किशोरवयीन मुलीला कांजिण्यांसह नागीण कुळातील विषाणूंचे एकामागून एक गंभीर आजार झाले होते.

आपल्याकडील चिकुनगुनियाविषयी पुण्याच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी 2015 साली जे निष्कर्ष मांडले, ते या संदर्भात उद्बोधक आहेत. नुकत्याच आजारी पडलेल्या आणि बरे होत असलेल्या, अशा दोन्ही गटांतील रुग्णांच्या रक्तात मारक पेशींचे प्रमाण निरोगी माणसांपेक्षा वाढलेले होते, आणि परफोरिन बाळगणाऱ्या मारक पेशीही अधिक होत्या. म्हणजे नव्या विषाणूविरुद्ध ही फौज केवळ ग्रंथात नव्हे, तर आपल्याच माणसांच्या रक्तात उभी राहिलेली दिसली. पुढे विषाणूचा समूळ नायनाट करण्याचे काम बव्हंशी प्रतिपिंडांचे असते, हे खरे; परंतु त्यांची सिद्धता होईपर्यंत शरीर निर्नायकी राहत नाही.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की, तर मग ही शक्ती वाढवणारी एखादी बाटली दुकानातून आणावी. येथेच विवेकाची गरज आहे. या पेशींच्या रचनेत आवर घालणाऱ्या ग्राहकांना जे स्थान आहे ते पाहिले, म्हणजे निसर्गाला नुसती मारकता नको होती, आज्ञेत राहणारी मारकता हवी होती, हे ध्यानात येते. आणि चिकुनगुनियात महिनोन्‌महिने ठणकणारे सांधे हे तर बऱ्याच अंशी शरीराच्या प्रतिकारातूनच उद्भवलेल्या दाहाचे फळ असते. तेव्हा तापात विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे, डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिनच्या वाटेस जाऊ नये आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. आणि जेथे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून रांजण, ड्रम व टाक्या भरून ठेवाव्या लागतात, तेथे त्या आठवड्यातून एकदा रित्या करून, आतून घासून, कोरड्या कराव्यात व झाकून ठेवाव्यात. कारण हा विषाणू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. रक्तातल्या मारक पेशींचा बंदोबस्त आपल्या हुकमात नाही. टाकीतल्या पाण्याचा आहे.