अभ्यासदौऱ्यासाठी कॅमेरा : मिररलेस घ्यावा की खिशातला गिंबल?

परमुलखातील शेती पाहून शेतकरी घरी परतला म्हणजे गावची मंडळी त्याच्याभोवती जमतात आणि काय काय पाहिले ते विचारू लागतात. पाहिलेले सारेच शब्दांत सांगता येत नाही. वेलीची काडी कोणत्या डोळ्यावर कापली, हरितगृहात रोपांना दोरीचा आधार कसा दिला, प्रतवारीच्या ठिकाणी माल कसा हाताळला, या गोष्टी सांगण्यापेक्षा दाखविलेल्या बऱ्या. आवडलेल्या वाणाची काडी खिशात घालून परदेशातून आणता येत नाही. वनस्पती संगरोध आदेश, २००३ अन्वये त्यासाठी परवाना व तपासणी आवश्यक आहे, आणि पिकांना नव्या रोगांपासून वाचविण्यासाठी हे बंधन योग्यच आहे. चित्र मात्र आणता येते. म्हणूनच अभ्यासदौऱ्यावर निघणाऱ्या गटाच्या सामानात कॅमेऱ्यास हौसेच्या वस्तूचे नव्हे, तर अवजाराचे स्थान आहे.

महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांचे देशांतर्गत व देशाबाहेरील दौरे आखले जातात. अशा वेळी पुष्कळदा गटातील सभासद वर्गणी काढून एक कॅमेरा घेतात. दुकानात गेल्यावर त्यांच्यापुढे मुख्यतः दोन प्रकार येतात : भिंगे बदलता येणारा मिररलेस कॅमेरा आणि मुठीत मावणारा गिंबल कॅमेरा. निवड चुकली तर वर्गणीचा पैसा अडकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुन्हा न येणारी संधी हातची जाते.

दोन्ही यंत्रांची ओळख

जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे तिरपा आरसा असे. त्यावरून परावर्तित झालेले दृश्य डोळ्यास दिसे आणि चित्र घेताना आरसा वर उचलला जाई. मिररलेस कॅमेऱ्यातून हा आरसा काढून टाकला आहे. भिंगातून आलेला प्रकाश सरळ संवेदकावर पडतो आणि तेच दृश्य पडद्यावर दिसते. या जातीचा पहिला कॅमेरा, पॅनासॉनिक ल्युमिक्स जी-१, २००८ साली बाजारात आला. आरसा गेल्याने यंत्र लहान झाले. परंतु कामाप्रमाणे भिंग बदलण्याची सोय कायम राहिली.

गिंबल ही कल्पना नवी नाही. जहाज डोलत असताना होकायंत्र समतल राहावे म्हणून ते एकात एक फिरणाऱ्या कड्यांत बसवीत. खिशातल्या कॅमेऱ्यात हेच काम तीन लहान मोटारी करतात. हात हलला की संवेदक ती हालचाल ओळखतात आणि मोटारी भिंगाचे डोके उलट दिशेस फिरवून दृश्य स्थिर ठेवतात. डीजेआय कंपनीचा ऑस्मो पॉकेट हा या प्रकारचा कॅमेरा २०१८ मध्ये आला. त्याचाच ऑस्मो पॉकेट ३ हा नमुना २०२३ मध्ये निघाला. त्याचे वजन केवळ १७९ ग्रॅम आहे. याउलट सोनी झेडव्ही-ई१० हा लहान समजला जाणारा मिररलेस कॅमेरा बॅटरीसह ३४३ ग्रॅम भरतो आणि सोबतचे १६-५० चे भिंग आणखी ११६ ग्रॅमचे आहे.

प्रकाशाचा हिशेब

संवेदक म्हणजे कॅमेऱ्याचे शेतच होय. क्षेत्र जितके मोठे तितका प्रकाश अधिक गोळा होतो. पॉकेट ३ चा संवेदक 'एक इंची' म्हणून ओळखला जातो. परंतु ते नाव जुन्या नळीच्या कॅमेऱ्यांवरून आलेले आहे. त्याचे खरे माप सुमारे १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर आहे. झेडव्ही-ई१० सारख्या मिररलेस कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर असतो. त्याचे क्षेत्र तिपटीहून अधिक भरते. सायंकाळी, गोठ्यात किंवा अंधाऱ्या साठवणगृहात हा फरक चटकन दिसून येतो. मात्र मिररलेसला सोबतचे साधे, कमी प्रकाश घेणारे भिंग लावले असेल, तर या लाभाचा बराच भाग नाहीसा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

किडीरोगांचे चित्र

फुलकिडे, पिठ्या ढेकूण, पानामागील कोळी किंवा भुरीची सुरुवात दाखवावयाची असेल, तर सूक्ष्म दृश्यांसाठी बनविलेले मॅक्रो भिंग लागते. ते मिररलेसवर बसविता येते. खिशातल्या कॅमेऱ्याचे भिंग रुंद दृश्याचे व कायमचे बसविलेले असते. त्यातून बागेची संपूर्ण रांग सुरेख दिसते, पण पानावरील किडा ठिपक्याएवढाच राहतो. दूरच्या यंत्राचे चित्र घ्यावयाचे असले तरी हीच अडचण येते.

छपाईचाही विचार करावा. इंचास ३०० ठिपके या मानाने १२ × ८ इंचांच्या चित्रास सुमारे ८६ लाख बिंदू पुरतात. २४० लाख बिंदूंच्या मिररलेस कॅमेऱ्याने त्याच मानाने सुमारे २० × १३ इंचांचे चित्र छापता येते. गटाच्या बैठकीसाठी पहिले पुरेसे आहे. प्रदर्शनातील तक्त्यांसाठी दुसरे बरे.

चालता चालता चित्रण

डोक्यावर घागर घेऊन चालणारी स्त्री पाणी सांडू देत नाही. खिशातला गिंबल तसेच काम करतो. मार्गदर्शक पुढे चालत आहेत, गट मागे आहे आणि थांबावयास वेळ नाही, अशा वेळी त्याची बरोबरी साध्या मिररलेसला करता येत नाही. मिररलेस हातात धरून चालत घेतलेले चित्र हिसके खाते. त्यासाठी वेगळा गिंबल घेतला की ओझे व खर्च दोन्ही वाढतात. तथापि तीन मोटारींना कॅमेऱ्याचे वळणे व कलणे सावरता येते, पावलागणिक होणारे वरखाली उसळणे पूर्णपणे सावरता येत नाही. म्हणून गुडघे किंचित वाकवून हळू चालावे.

उन्हातील चित्रण

सेकंदास २५ चित्रे या गतीने चित्रण करताना प्रत्येक चित्रास १/५० सेकंद प्रकाश दिल्यास हालचाल स्वाभाविक दिसते. भर उन्हात, संवेदनक्षमता १०० व भिंगाचे छिद्र एफ/१६ असताना, सुमारे १/१०० सेकंद पुरतो. पॉकेट ३ चे छिद्र एफ/२ वर कायम असल्याने त्याच उन्हात १/६४०० सेकंद लागतो. तो १/५० वर आणावयाचा तर प्रकाश १२८ पटीने कमी करणारी काळी काच भिंगावर बसवावी लागते. मिररलेसचे छिद्र लहान करता येते, त्यामुळे त्यास फिकी काच पुरते.

घरातील दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटू नयेत म्हणून भारतात व युरोपात १/५० आणि अमेरिकेत १/६० सेकंद ठेवावा, कारण तेथील विजेची वारंवारिता अनुक्रमे ५० व ६० आहे. जपानमध्ये पूर्वेकडे ५० व पश्चिमेकडे ६० आहे.

आवाज, धूळ व साठवण

दौऱ्यात चित्रापेक्षाही बागवानाचे बोलणे मोलाचे असते. वाऱ्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा ध्वनिग्राहक अपुरा पडतो. कोणताही कॅमेरा घेतला तरी बोलणाऱ्याच्या सदऱ्यास लावावयाचा बिनतारी मायक्रोफोन सोबत असावा. पैसे थोडेच उरले असतील, तर ते दुसऱ्या भिंगाऐवजी यावर खर्च करावेत.

पॉकेट ३ जलरोधक नाही. स्वस्त मिररलेस कॅमेरेही बहुधा नसतात. पावसात व फवारणीच्या तुषारांत दोन्ही जपावेत. मिररलेसचे भिंग शेतात बदलणे भाग पडले, तर वाऱ्याकडे पाठ करून व कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवून ते बदलावे. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानात न टाकता हातातील पिशवीतच ठेवाव्यात. सेकंदास १०० मेगाबिट या दराने चित्रण केल्यास मिनिटास ७५० मेगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटचे कार्ड सुमारे ८५ मिनिटांत भरते. यास्तव रोज रात्री चित्रण दुसरीकडे उतरवून ठेवावे.

छाटणीचे उदाहरण

द्राक्ष बागायतदारांचा एखादा गट दौऱ्यावर निघाला आहे असे समजू. एप्रिलच्या खरड छाटणीस व ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीस विचार करता यावा, म्हणून परक्या मुलखातील छाटणी सभासदांस दाखवावयाची आहे. बागेतून फिरत घेतलेले सुंदर चित्र सर्वांस आवडेल, पण कात्री नेमकी कोठे लागली हे त्यात दिसणार नाही. येथे स्थिरता व जवळीक हवी. मिररलेस तिपाईवर ठेवून, भिंगाने काडी जवळ आणून, हाताच्या बाजूने चित्रण केल्यास डोळा व काप स्पष्ट दिसतो. खिशातला कॅमेराही लहान तिपाईवर हे काम बऱ्यापैकी करील. मात्र त्याचे चेहऱ्यामागे वळणे बंद करून डोके कात्रीकडे स्थिर करावे लागेल. अन्यथा घरी आल्यावर छाटणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसेल, छाटणी दिसणार नाही.

निवड कशी करावी

प्रथम घरी आल्यावर चित्रांचा उपयोग काय, हे गटाने बैठकीत ठरवावे. फेरफटका, मुलाखती, यंत्रांचे चालणे हे मुख्य असेल आणि चित्रण करणारा नवशिका असेल, तर खिशातला गिंबल कॅमेरा घ्यावा. कीडरोगांची ओळख, कलम व छाटणीचे बारकावे, छापील तक्ते आणि कमी उजेडातील काम मुख्य असेल व ते शिकण्यास एखादा सभासद तयार असेल, तर मिररलेस घ्यावा. सभासदांच्या चांगल्या मोबाइलने गरज भागत असेल, तर मायक्रोफोन व तिपाई एवढ्यावरच थांबावे. त्यात कमीपणा नाही.

खरेदीपूर्वी दुरुस्तीची सोय व हमी यांची चौकशी करावी. शक्य तर एक दिवस भाड्याने आणून स्वतःच्याच शेतात वापरून पाहावे. दौऱ्यात यजमानांची परवानगी घेतल्याखेरीज बाग, प्रयोगशाळा वा प्रतवारीगृहाचे चित्रण करू नये. आणि परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत गावात ते चित्रण दाखवावे. वर्गणी सर्वांनी दिलेली असते; तिचे पीकही सर्वांच्या घरी पोहोचले पाहिजे.