सही करण्याआधी: धंद्याचं देणं घरापर्यंत येतं का?



गटातून कर्ज घेतलं, मसाल्याचं यंत्र आणलं, गावात माल खपायला लागला. इथपर्यंत आपल्यातल्या बऱ्याच जणी पोहोचल्या आहेत. आता तालुक्याच्या दुकानातून मोठी ऑर्डर येते आणि कोणीतरी सांगतं, "ताई, आता कंपनीच काढा." कंपनी म्हटलं की मोठं वाटतं. पण त्याआधी एकच प्रश्न विचारायचा: धंदा बुडाला तर देणेकरी कुणाच्या दारात येईल?

एक उदाहरण घेऊ. समजा, तिघी जणींनी प्रत्येकी ५०,००० रुपये घालून मसाल्याचा धंदा सुरू केला. मिरचीच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर माल घेतला. पावसाळ्यात माल खराब झाला, ऑर्डर परत आली. यंत्र विकून, शिल्लक देऊनसुद्धा व्यापाऱ्याचे ३ लाख रुपये राहिले. आता पुढे काय?

साधी भागीदारी असेल तर: १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असते. म्हणजे व्यापारी तिघींकडून एक-एक लाखच मागेल असं नाही. जिच्या नावावर प्लॉट आहे, बँकेत ठेव आहे, तिच्या एकटीकडून तो सगळे ३ लाख वसूल करू शकतो. बाकीच्या दोघींकडून त्यांचा वाटा मागायचा हक्क तिला आहे, पण त्यांच्याकडे असेल तर मिळेल ना! एकटीच्या मालकीचा धंदा असेल तर प्रश्नच नाही, सगळं देणं तिचंच.

मर्यादित जबाबदारी असेल तर: इथे कायदा धंद्याला तुमच्यापासून वेगळी 'व्यक्ती' मानतो. धंद्याचं पॅन वेगळं, बँक खातं वेगळं, देणंही धंद्याचं. व्यापाऱ्याने धंद्याच्या मालमत्तेतून वसूल करायचं. तिघींचे घातलेले ५०,००० जातील, पण त्यापुढे घरच्या ठेवीला सहसा हात लागत नाही. आपण गटाची पेटी आणि घरचा डबा वेगळा ठेवतो ना, तसंच हे. फरक इतकाच की इथे हा वेगळेपणा कायदा मान्य करतो.

अशी जबाबदारी मर्यादित ठेवणारे मुख्य प्रकार हे:

- एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. कायदा २००८ चा. किमान दोघी हव्यात. भागीदार व्यक्ती म्हणून व्हायचं असतं. नोंदणी नसलेल्या बचत गटाला गटाच्या नावाने भागीदार होता येत नाही.
- प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. किमान दोन सभासद आणि दोन संचालक. पूर्वी किमान १ लाख भांडवलाची अट होती, ती २०१५ मध्ये गेली. एकटीसाठी 'एक व्यक्ती कंपनी' हाही प्रकार आहे.
- प्रोड्युसर कंपनी, म्हणजे उत्पादकांची कंपनी. किमान १० उत्पादक सभासद आणि ५ संचालक लागतात. सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असोत, प्रत्येकीला एकच मत. शेतमाल, दूध, हातमाग, हस्तकला अशा कामात अनेक जणींना एकत्र यायचं असेल तर हा प्रकार समजून घ्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंपनी झाली म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका. घराभोवती कुंपण घातलं तरी फाटक आपणच उघडं ठेवलं तर उपयोग नाही. ही फाटकं लक्षात ठेवा:

१. जामिनाची सही. नव्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की त्या कर्जापुरतं कुंपण संपलं. कंपनीने फेडलं नाही तर तुम्हाला फेडावं लागेल.

२. चेकवरची सही. कंपनीचा चेक वटला नाही तर सही करणारीवरही केस होऊ शकते. कोऱ्या चेकवर सही करून ठेवू नका, मग तो भाऊ असो की हिशेबनीस.

३. पैशाची सरमिसळ आणि फसवणूक. धंद्याच्या खात्यातून घरचा किराणा, घरच्या खात्यात धंद्याचे पैसे, असं करू नका. जाणूनबुजून फसवणूक केली तर कायदा पाठीशी राहत नाही.

आणि कुंपणाचा खर्चही असतो. कंपनीला दरवर्षी सीएकडून ऑडिट करावंच लागतं, उलाढाल कितीही कमी असली तरी. एलएलपीला उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं तर ऑडिट लागतं. पण दोघांनाही वार्षिक अर्ज भरावे लागतात, धंदा बंद पडला असला तरी. कंपनीच्या वार्षिक अर्जांना उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढतं. सहा महिने विसरलं तर हिशेब करून बघा!

म्हणून घाई नको. घरच्या घरी पापड-लोणची विकणारीला आज कंपनी लागत नाही. अन्न नोंदणी किंवा परवाना मात्र कुठल्याही प्रकारात लागतोच. पण उधारीवर मोठा माल उचलायचा असेल, दोघी-तिघींचे पैसे गुंतणार असतील, बाहेरच्या गावाशी करार करायचा असेल, तर कुंपणाचा विचार जरूर करा.

पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न वहीत लिहून घ्या आणि सीएला किंवा वकिलाला विचारा: आमच्या धंद्याला कोणता प्रकार बरा? वर्षाचा कागदपत्रांचा खर्च किती? आणि कोणत्या कागदावर मी स्वतः जामीन राहतेय? तिसऱ्याचं उत्तर नीट समजेपर्यंत पेन हातात घेऊ नका. "इथे फक्त सही करा, ताई" असं कोणी म्हटलं तर आधी वाचून दाखवायला सांगा. विचारण्यात कमीपणा नाही.