शेवटच्या षटकाचा मानकरी

परभणी जिल्ह्यांतील चारठाण्याच्या माळावर मुलांचा क्रिकेटचा सामना अगदीं रंगांत आला, तर शेवटचें षटक कोणाच्या हातीं द्यावें हा पेंच तेथेंहि पडावयाचाच. नुसता वेग अशा वेळीं कामीं येत नाहीं. ज्याचें चित्त ढळत नाहीं असा गडी लागतो. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळानें अशा गड्याचा एक स्वतंत्र पेशाच निर्माण केला आहे. त्या खेळांत चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. तो थकला किंवा त्याच्यावर धांवा होऊं लागल्या, म्हणजे त्याच्या जागीं उभा राहतो तो रिलीफ पिचर. आपली पाळी येईपर्यंत तो 'बुलपेन' नांवाच्या आवारांत वाट पाहत असतो. एकदां बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यांत पुन्हां येऊं शकत नाहीं, म्हणून हा बदल फार जपून करावा लागतो. नवव्या, म्हणजे अखेरच्या डावांत थोडक्या धांवांची आघाडी राखणाऱ्यास 'क्लोजर' असें नांव आहे, आणि असा राखलेला विजय १९६९ पासून 'सेव्ह' या सदराखालीं अधिकृतपणें नोंदला जातो. पनामांतील कोळ्याचा मुलगा मॅरियानो रिव्हेरा यानें २०१३ सालीं निवृत्त होईपर्यंत असे ६५२ विजय राखले.

याच अमेरिकेंत एका मुंबईकरास शेवटचें षटक टाकण्याचा प्रसंग आला, तो मात्र क्रिकेटमध्यें. सौरभ नेत्रावळकर यांचा जन्म १९९१ चा. डावखुरे, मध्यम-जलद गोलंदाज. २०१० सालीं न्यूझीलंडमध्यें झालेल्या एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकांत भारताकडून सर्वांत अधिक बळी त्यांनीं घेतले. पण उपांत्यपूर्व सामन्यांत पाकिस्ताननें भारतास घरीं धाडलें. त्यांचे सोबती राहुल व उनाडकट पुढें भारताच्या मुख्य संघांत गेले. नेत्रावळकरांच्या वांट्यास मुंबईकडून रणजी करंडकाचा एकच सामना आला. मुंबई संघाचें दार केवढें अरुंद, हें जाणणारास याचें नवल वाटणार नाहीं. हातीं अभियांत्रिकीची पदवी होती. खेळाची आशा किती वर्षें धरावयाची, हा प्रश्न होता. २०१५ सालीं ते संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठीं कॉर्नेल विद्यापीठांत गेले आणि नंतर ओरॅकल कंपनींत नोकरीस लागले.

खेळ मात्र सुटला नाहीं. नोकरी सांभाळून ते खेळत राहिले, आणि २०१८ मध्यें अमेरिकेच्या संघाचे कर्णधारहि झाले.

६ जून २०२४ रोजीं विश्वचषकांत अमेरिकेची गांठ पुन्हां पाकिस्तानशीं पडली. डॅलसजवळचें तें मैदान मूळचें बेसबॉलचें. क्रिकेटसाठीं तें नव्यानें बांधून काढलेलें. दोन्ही संघांच्या धांवा १५९ च झाल्या, म्हणून निकालासाठीं प्रत्येकीं एकेक जादा षटक ठरलें. अमेरिकेनें त्यांत १८ धांवा केल्या, आणि चेंडू नेत्रावळकरांच्या हातीं आला. येथें बुलपेनमधून ताज्या दमाचा गडी येत नसतो. त्यांनीं आधींच चार षटकें टाकून १८ धांवांत दोन बळी घेतले होते. पहिल्या चेंडूवर धांव नाहीं, दुसऱ्यावर चौकार, मग एक वाइड, पुढल्या चेंडूवर इफ्तिखार झेलबाद. पुन्हां वाइड, आणि त्यानंतर पायाला लागून गेलेल्या चार धांवा! अखेरच्या चेंडूवर पाकिस्तानला सात धांवा हव्या होत्या. मिळाली एक. अमेरिका पांच धांवांनीं जिंकली. पाकिस्तानचा कर्णधार बाबर आझम हा २०१० च्या त्या मुलांच्या संघांतहि होता.

सहाच दिवसांनीं न्यूयॉर्कमध्यें भारताशीं सामना झाला. नेत्रावळकरांनीं कोहलीस पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्मास तीन धांवांवर बाद केलें. सामना मात्र भारतानें जिंकला. रिव्हेरासारख्या क्लोजरला त्या कामासाठीं कोट्यवधि डॉलर मिळत. नेत्रावळकर या स्पर्धेच्या काळांत सामना आटोपला कीं हॉटेलच्या खोलींत लॅपटॉप उघडून कंपनीचें काम करीत, असें त्यांच्या भगिनीनें सांगितलें आहे.