थोरल्या पातीचा खेळाडू आणि गिरणीगावची टोपी

देवास म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२१ साली येथे केलेली महाराजांची चिटणिशी, जिच्यावर पुढे १९५३ साली त्याचे पुस्तक निघाले. आणि दुसरी, क्षयाने गांजलेले कुमार गंधर्व १९४८ साली या कोरड्या हवेत येऊन राहिले ती. तिसरी गोष्ट आम्ही माळव्यातले मराठी लोकही फारशी सांगत नाही. विजय हजारे हा खेळाडू देवासच्या थोरल्या पातीच्या आश्रयाला होता, आणि पुढे हाच माणूस विलायतेत पगारी खेळाडू म्हणून गेला.

हजारे मूळचे सांगलीचे. जन्म ११ मार्च १९१५ चा, घर मराठी ख्रिस्ती शिक्षकाचे, भावंडे पुष्कळ. खेळून पोट भरेल अशी सोय त्या काळी फक्त संस्थानांत होती. देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार, जे पुढे १९४७ साली दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून बसले, त्यांनी या मुलाला हाताशी धरले. हजारे तेव्हा रणजी सामन्यांत मध्य हिंदुस्थानकडून खेळत. याच आश्रयाच्या दिवसांत त्यांना क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाची तालीम मिळाली. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये घट्ट दाबून उभे राहण्याची हजाऱ्यांची ढब पाहणाऱ्याला अवघडल्यासारखी वाटे. ग्रिमेटने ती बदलू नको म्हणून सांगितले. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. मी धारेत गाण्याच्या शिकवण्या करतो. मुलाचा आवाज लावण्याचा मूळ धर्म ओळखून तो तसाच ठेवणे किती कठीण असते, हे शिकवणाऱ्यालाच कळते. बिघडवायला दोन महिने पुरतात.

त्या ढबीने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून नाबाद ३१६. पंचरंगी सामन्यांत १९४३ साली हिंदू संघाविरुद्ध शेष संघाच्या ३८७ पैकी एकट्याच्या ३०९. बंधू विवेक यांच्याबरोबरच्या तीनशेच्या भागीत विवेकांच्या धावा अवघ्या २१. पुढे बडोद्याच्या गायकवाडांच्या पदरी गेल्यावर १९४७ साली गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागी रचली, आणि ती आमच्याच होळकर संघाविरुद्ध! इंदुरातल्या जुन्या मंडळींना ती जखम पुष्कळ वर्षे पुरली. तो विक्रम थेट २००६ साली मोडला. १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर एकाच कसोटीत ११६ आणि १४५.

येथवर कथा दरबारची आहे. पण त्याच १९४८ साली धार आणि देवास मध्य भारतात विलीन झाली, १ मे १९४९ रोजी बडोदेही मुंबई राज्यात गेले, आणि १९४९ च्या उन्हाळ्यात हजारे लँकेशायर लीगमधील रॉटन्स्टॉल क्लबचे पगारी खेळाडू झाले होते.

ही लीग १८९२ सालची. उत्तर इंग्लंडातल्या गिरणीगावांचे हे क्लब. प्रत्येकाला एकच पगारी खेळाडू ठेवण्याची मुभा, बाकीचे दहाजण गिरणीतले कामगार, दुकानदार, मास्तर. सामना एका दिवसाचा, बहुधा शनिवारचा. पगारी गड्याने फलंदाजी करायची, गोलंदाजी करायची, आणि संध्याकाळी गावच्या पोरांना शिकवायचेही. त्याने अर्धशतक ठोकले की प्रेक्षकांतून टोपी फिरे. शेजारच्या बेकपमध्ये त्याच उन्हाळ्यात वेस्ट इंडीजचा एव्हर्टन वीक्स होता. फेब्रुवारीत मुंबईच्या कसोटीत हे दोघे समोरासमोर होते, हजाऱ्यांनी १२२ काढले आणि हिंदुस्थानचा विजय सहा धावांनी हुकला.

आमचे वडील दरबारी गवयांच्या शेवटच्या पिढीतले, आणि मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. तनखा बंद झाला तेव्हा ऐन तारुण्यात त्यांना शिकवण्या धराव्या लागल्या. टोपीची हकीकत त्यांना सांगितली तेव्हा मला वाटले, त्यांना हसू येईल. ते म्हणाले, "बिदागीच ती. आमच्याकडे एका तबकातून येई, तिकडे शंभर खिशांतून." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "महाराजांना गाणे कळत असे, हे खरे. पण महाराजांना झोपही येत असे."

विलायतेत मात्र या पगाराला एक डाग होता. पैसे घेऊन खेळणारा आणि हौशी यांची तिथे पंगत वेगळी. मैदानात उतरण्याचे दरवाजे वेगळे, नावे छापण्याची रीतही वेगळी. हा भेद १९६२ साली संपला. म्हणूनच १९५२ च्या जूनमधली लीड्सची नाणेफेक मला विशेष वाटते. इंग्लंडचा कप्तान लेन हटन, विसाव्या शतकातला त्यांचा पहिला पगारी कप्तान. आणि आपला कप्तान रॉटन्स्टॉलचा माजी पगारी गडी, ज्याच्या हाताखाली चारच महिन्यांपूर्वी मद्रासला आपण पहिली कसोटी जिंकली होती. आपल्या पंगतीत त्याला कोणी खाली बसवले नव्हते.

पहिल्या डावात हजाऱ्यांनी ८९ केल्या. दुसऱ्या डावात फळ्यावर शून्य धावा आणि चार गडी बाद. त्या पडझडीत हजाऱ्यांनी ५६ आणि फडकरांनी ६४ केल्या, आणि शंभरावर धावांची भागी झाली. कसोटी गेलीच. विनू मांकड त्या दिवशी संघात नव्हते, कारण निवडीची हमी मिळेना म्हणून त्यांनी हॅस्लिंग्डन या लीग क्लबाशी करार केला होता. ही हमी न देणाऱ्यांचा हट्ट मला आजही समजत नाही. अखेर क्लबाने त्यांना मोकळे केले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, एका डावात ७३ षटके टाकली. ती कसोटीही आठ गड्यांनी गेली.