मुंबई ते तेल अवीव : अंतर एक, वेळ निराळी

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून तेल अवीवपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो अरबी समुद्र, इराणचे आखात आणि सौदी अरेबिया यांवरून जातो. हे सरळ अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर भरते. प्रवासी विमानाचा वेग ताशी साधारण ८५० किलोमीटर असतो. भागाकार केला की उत्तर येते पावणेपाच तास. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून साडेपाच म्हणावेत.

तरीही कित्येक वर्षे एल अलच्या विमानाला या प्रवासास साडेसात-आठ तास लागत. याचे कारण असे की, प्रत्येक देशाची हद्द आकाशातही असते आणि परवानगीवाचून ती ओलांडता येत नाही. सौदी अरेबिया आणि ओमान यांची परवानगी नसल्यामुळे विमान तांबड्या समुद्रावरून थेट दक्षिणेला जाई, एडनच्या आखाताशी वळे आणि मग मुंबईची दिशा धरी. हा वळसा धरून वाट साडेपाच हजार किलोमीटरांच्या वर जाई.

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी अरेबियावरून तेल अवीवला उतरले. जुलै २०२२ मध्ये सौदी अरेबियाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने इस्राएली विमानांनाही वाट दिली. त्यामुळे सुमारे दोन तास वाचू लागले. युद्धाच्या काळात मात्र वाटा पुन्हा बदलतात, म्हणून तिकीट काढताना तास विचारून घ्यावेत.

वाऱ्याचाही यात वाटा आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईला जाताना ते पाठीशी असतात, येताना समोरून. म्हणून परतीला जास्त वेळ लागतो.

आता घड्याळ पाहू. भारताचे घड्याळ इस्राएलच्या पुढे असते : हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच तास. हिवाळ्यात मुंबईहून सकाळी ७ ला निघालेले विमान सहा तासांनी उतरले, तर मुंबईत दुपारचा १ वाजलेला असतो आणि तेल अवीवला सकाळचे साडेनऊ. नुसती घड्याळे पाहणाऱ्याला प्रवास अडीच तासांचाच वाटेल!

हा हिशोब घरोघरी उपयोगी पडतो. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा इस्राएलमध्ये दुपारचे अडीच वाजलेले असतात. शुक्रवारी तीन वाजता येथून फोन लावला, तर तेथील आजीच्या घरी शब्बाथ सुरू झालेला असतो आणि फोन कोणी उचलत नाही. 'शब्बाथ शालोम' म्हणायचे असेल, तर दोनच्या आत फोन करावा.

सराव : हिवाळ्यात तेल अवीवहून सकाळी ९ ला निघालेले विमान साडेपाच तासांनी मुंबईत उतरले. तेव्हा मुंबईत किती वाजले असतील? (उत्तर : संध्याकाळचे ६.)