दोन पाळ्यांच्या मधले दिवस

पाळीची तारीख लक्षात ठेवायची म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीकशी खूण करणाऱ्या बायका घरोघरी आहेत. तेच काम आता फोनमधलं अ‍ॅप करतं. पण खूण कागदावर असो की पडद्यावर, तिच्यामागचा हिशेब एकच असतो: अठ्ठावीस दिवसांनी पाळी आणि चौदाव्या दिवशी स्त्रीबीज. हा हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो टिकला. बरोबर आहे म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की गर्भ राहण्याची शक्यता असलेले सगळे दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांत बसतात अशा स्त्रिया जेमतेम तीस टक्के. बाकीच्यांचे दिवस अलीकडे-पलीकडे सरकतात. म्हणजे रक्तस्राव कधी सुरू झाला एवढंच टिपणारी बाई चक्राचं एक टोक तेवढं टिपते. खरी माहिती मधल्या दिवसांत असते, आणि ती शरीर दर महिन्याला देत असतं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा बीज नेमकं कधी बाहेर पडतं हे वैद्यकशास्त्रालाही ठाऊक नव्हतं. १९२४ मध्ये जपानच्या क्यूसाकू ओगिनो यांनी ते दाखवून दिलं: दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजायचे नाहीत, तर येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायचे, बीज साधारण बारा ते सोळा दिवस आधी बाहेर पडतं. याचं कारण असं, की बीज सुटल्यावर बीजकोशात मागे उरणारी ग्रंथी प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि गर्भ राहिला नाही तर दोनेक आठवड्यांत सुकते. तो काळ बराचसा ठरलेला असतो. लांबतो तो आधीचा, बीज पिकण्याचा काळ. आजारपण, ताण, एकदम घटलेलं वजन यांनी बीज उशिरा सुटतं आणि त्यामागून पाळीही लांबते. पस्तीस दिवसांचं चक्र असेल तर बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटेल. पण पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणाला माहीत असतं? म्हणून तारखेपेक्षा खुणा बघाव्या लागतात.

सगळ्यांत उपयोगी खूण म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी तयार होणारा स्राव. पाळी संपल्यावर काही दिवस बहुधा कोरडे जातात. मग थोडा चिकट, पांढुरका स्राव दिसू लागतो. बीज सुटायची वेळ जवळ आली, की तो पातळ, पारदर्शक, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा होतो. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून बोटं लांब केली तर तुटता तुटत नाही. या स्रावात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. बीज मात्र जेमतेम एक दिवस टिकतं, त्यामुळे गर्भधारणेचा काळ सहाएक दिवसांचा होतो. बीज सुटून गेलं की स्राव पुन्हा घट्ट होतो किंवा थांबतो. दुसरी खूण तापमानाची. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी थर्मामीटर लावला, तर बीज सुटल्यानंतर अंगाचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनं वाढलेलं दिसतं आणि पाळी येईपर्यंत तसंच राहतं. पहिली खूण वेळ जवळ आल्याचं सांगते, दुसरी ती वेळ उलटून गेल्याचं.

हे सगळं शिकल्या-सवरल्या, निवांत बायकांसाठी आहे, असा आक्षेप येईल. थर्मामीटरपुरता तो खरा आहे. रात्रपाळी करणारीला किंवा तान्हं मूल असलेलीला त्या आकड्यांचा उपयोग कमीच. स्रावाचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या केंद्रांवर याची पाहणी केली, त्यांत आपलं बंगळूर होतं आणि निरक्षर स्त्रियाही होत्या. शिकवल्यानंतर पहिल्याच चक्रात शंभरातल्या नव्वदहून अधिक जणींना ही खूण ओळखता आली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. मग अंगावरून पांढरं जाणं स्वाभाविक आहे असं सांगितलं, तर दुखणं अंगावर काढायला नवं निमित्त मिळणार नाही का? उलट आहे. महिन्यातल्या ठरावीक दिवसांत येणारा, वास नसलेला, खाज न आणणारा स्राव जिच्या ओळखीचा आहे, तिलाच दह्यासारखा, हिरवट-पिवळा किंवा दुर्गंधी असलेला स्राव वेगळा कळेल. अज्ञानाची दुसरी बाजू बीडमध्ये दिसली. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या काळातल्या पाहणीत ऊसतोडीच्या कामातल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घातल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. त्याला गरिबी, मजुरी बुडण्याची धास्ती आणि बेलगाम व्यवसायही जबाबदार आहेत. नुसत्या माहितीनं ते थांबलं नसतं. पण आपल्या शरीराचं नेहमीचं वागणं माहीत असलेल्या बाईला घाबरवणं अवघड जातं.

गर्भनिरोधनासाठी मात्र या ज्ञानावर विसंबताना सावध राहायला हवं. जर्मनीत स्राव आणि तापमान या दोन्ही खुणा रीतसर शिकून काटेकोर पाळणाऱ्यांपैकी वर्षाला शंभरातल्या एकीलाही दिवस गेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत फक्त स्रावावर भिस्त होती आणि तिथे हे प्रमाण शंभरात सुमारे वीस होतं. त्यातल्या बऱ्याच जोडप्यांनी धोक्याचे दिवस ओळखूनही पाळले नव्हते. नवरा 'नाही' ऐकणारा नसेल, तर बायकोची वही काय करणार? शिवाय बाळंतपणानंतर, पाळी जायच्या वयात किंवा पीसीओएस असताना खुणा गोंधळात टाकतात, गोळ्या घेताना तर त्या उमटतच नाहीत, आणि लैंगिक आजारांपासून संरक्षण यातून मिळत नाही.

तरीही या ज्ञानाचं मोल गर्भनिरोधनावर ठरत नाही. गर्भ हवा असलेल्या जोडप्याला ते योग्य दिवस दाखवतं. चक्र वारंवार पस्तीस दिवसांपलीकडे जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसत असेल, तर डॉक्टरांपुढे तारखांसह बोलता येतं आणि तपासणीला दिशा मिळते. शाळांमधला पाळीचा तास आज बहुधा सॅनिटरी पॅड आणि स्वच्छता इथेच संपतो. त्याच तासात स्रावाच्या बदलत्या रूपांविषयी दहा मिनिटं बोलायला वेगळा निधी लागत नाही. लागतो तो शिक्षिकेचा आणि आशाताईंचा संकोच सोडण्याचा निर्णय, आणि तो त्यांना घेता यावा म्हणून आधी त्यांना नीट प्रशिक्षण.